तोरण झालेली केबल

आमच्या घरी इंटरनेट आले ते पोळ्याच्या आदल्या दिवशी. जोडणी देणाऱ्या माणसाने गल्लीपलीकडच्या खांबावरून काळी केबल आणून आमच्या बैठ्या घराच्या पत्र्याखाली अडकवली आणि संगणकाशेजारी एक पांढरी डबी बसवली. ‘‘दिवा हिरवा हाय तोवर चिंता न्हाय. लाल झाला की समजा, तार तुटली.’’ केबल गल्लीवर सैल लोंबत राहिली. ती सणानंतर वर घेतो, असे त्याने सांगितले.

पोळ्याच्या दुपारी त्याच संगणकावर सुनेची मुलाखत होती. बंगळूरच्या कंपनीला पोळा ठाऊक नव्हता. बाळंतपणात तिची नोकरी सुटली होती; घरी बसून करता येईल असे काम प्रथमच मिळण्याच्या बेतात होते. खिडक्या लावून घेत ती म्हणाली, ‘‘मामा, मधीच तुटलं तर ते लोक पुन्हा बोलवणार न्हाईत.’’

मी बाहेर आलो, आणि थबकलो. केबलला आंब्याची पाने बांधलेली होती. बैलांचे तोरण दरवर्षी आमच्याच दारासमोर बांधतात. यंदा आयती दोरी मिळाली, असा गल्लीने समज करून घेतला होता. मानाच्या बैलजोडीचा धनी काठीने तोरण तोडतो, मगच बैल पुढे जातात.

हलगी गल्लीच्या तोंडाशी आली होती. दुसरी दोरी शोधायला सवड नव्हती, आणि निघालेले बैल पोळ्याला कोणी माघारी वळवत नाही.

मानकरी माझ्याच वयाचा. त्याने काठी उचलली. मी केबलखाली उभा राहिलो.

‘‘सरका की. बैलाआधी तुम्हाला मान देऊ का?’’

लोक हसले.

‘‘ही तोडायची न्हाय. आत सूनबाईची मुलाखत चालू हाय.’’

‘‘तोरण तुटल्याबिगर पोळा फुटत न्हाय. हे गावाला तुम्हीच सांगत आलाय.’’

ते खरे होते. मी डोक्यावरचा फेटा उतरवला, उलगडला. एक टोक खांबाला बांधले, दुसरे हातात धरले. केबलवरची चार पाने काढून त्यात खोवली.

हलगी थांबली. माझे उघडे डोके गावाने कधी पाहिले नव्हते.

मानकऱ्याची काठी खाली आली. ‘‘फेटा हाय तुमचा.’’

‘‘आज तोरण हाय. तोडा.’’

त्याने आधी फेट्याला हात लावून तो कपाळी टेकवला, मग काठी फिरवली. जुनी मलमल मधोमध फाटली. हलगी पुन्हा कडाडली. मी दाराशी पडलेल्या बांबूने केबल उचलून धरली. बाशिंगे बांधलेल्या जोड्या एकेक करून खालून गेल्या. हात भरून आले, तरी बांबू खाली घेतला नाही.

गल्ली रिकामी झाल्यावर आत गेलो. दिवा हिरवा होता. सून खुर्चीतून उठत होती.

‘‘कधी रुजू होता, म्हणून विचारलं त्यांनी.’’ मग तिचे लक्ष गेले. ‘‘मामा, फेटा?’’

‘‘तोरणाला लागला,’’ मी म्हणालो, आणि पाणी मागितले.