मोरस साखर

मळीचा वास आला की मला कळंबची ती दुपार आठवते. साखर कारखान्यातल्या काकांनी ओसरीवर नकाशा पसरला होता. "मॉरिशसला जायचं! मोटारीनं बेटाला वळसा, मग विझलेल्या ज्वालामुखीवर पायी. आपली मोरस साखर पूर्वी तिथूनच यायची." वडिलांच्या म्हाताऱ्या आत्याचं पाखडणं थांबलं. ती जन्मभर गूळच खायची. साखरेत हाडं घालतात म्हणून ती शिवत नाही, असंच आम्ही समजत होतो. "मोरसला?" ती म्हणाली. "तितं ऊस तोडाया माझा बाप गेला व्हता. साखर आली, त्यो न्हाय आला." माझ्या हातातला गोड चहा मी तसाच खाली ठेवला. आज मी तिच्या वयाची झाले, तरी चहात साखर घालत नाही.