आक्काताईंची गाठ

आक्काताई कांबळे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत खाणावळ चालवायच्या. नवरा गेल्यावर भाकऱ्या थापून त्यांनी शिवानीला, एकुलत्या एका मुलीला, नर्स केलं. आवाज खणखणीत, कुणाला भिणं माहीत नाही. पण उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं तेव्हा ही बाई गप्प राहिली. ताप उतरेना म्हणून शिवानीनंच ओढून सोनोग्राफीला नेलं. यकृतात मोसंबीएवढी गाठ निघाली.

"पू झालाय बहुतेक," डॉक्टर श्रुती म्हणाल्या. "सुईनं काढून टाकू."

दुसऱ्या दिवशी टेबलावर झोपवल्यावर आक्काताईंना लांब सुई दिसली आणि त्यांनी डॉक्टरांचं मनगटच धरलं.

"सुई न्हाय घालायची बाई. माझा थोरला भाऊ असाच गेला."

"असाच म्हणजे?"

"भाऊसोलाबी गाठ हुती. सुई घातली आन् अंगभर गांधी उठल्या. घसा सुजला, श्वास घेता येईना. आमच्या डोळ्यांदेखत गेला की वो."

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. मग विचारलं, "लहानपणी घरात कुत्री होती?"

होती. नेसरीला माहेरी शेळ्या होत्या, राखणीची कुत्री होती. ही दोघं भावंडं कुत्र्यांना कुशीत घेऊन झोपायची, त्याच हातानं जेवायची.

बाहेर येऊन डॉक्टरांनी शिवानीला समजावलं. काही कुत्र्यांच्या पोटात एक बारीक जंत असतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात पाण्याची पिशवी धरते आणि वर्षानुवर्षं वाढत राहते. सुईनं किंवा धक्क्यानं ती फुटून आतलं पाणी सांडलं तर माणूस जागेवर दगावू शकतो. "मी आज सुई घालणारच होते," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांचे मित्र विश्वजित एका प्रयोगशाळेत हा जंत ओळखणारं नवं यंत्र तपासून पाहत होते. मोबाईलएवढी डबी, तिच्यात घालायची पट्टी. पट्टीवर प्रतिपिंडं चिकटवलेली. रक्तात त्या जंताचा अंश असला तर प्रतिपिंडं त्याला पकडून ठेवतात, पट्टीतला विजेचा प्रवाह बदलतो आणि पडद्यावर आकडा चढतो.

तिथं आक्काताईंच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं. त्या डोळे मिटून बसल्या. शिवानीनं आकडा चढताना पाहिला.

"जंताचीच गाठ दिसतेय," विश्वजित म्हणाले. "पण यंत्र अजून चाचणीत आहे. नेहमीची तपासणीही करून घ्या."

तिचाही निकाल तोच आला. मग गोळ्या सुरू झाल्या आणि त्यानंतर ऑपरेशन ठरलं. तोवरचा काळ सगळ्यात वाईट. खोकला आला तरी आक्काताई पोट धरायच्या. भाकरी थापताना जोर लावायला भ्यायच्या. गर्दीत कुणाचं कोपर लागेल म्हणून मंडईत जाणं त्यांनी सोडलं. ऑपरेशनला आत नेताना त्या शिवानीला एवढंच म्हणाल्या, "भाऊसोसारखं झालं तर तू बघू नगंस. भाईर बस."

तसं झालं नाही. सर्जननी पिशवी सांडू न देता अख्खी बाहेर काढली.

शुद्धीवर आल्यावर आक्काताईंनी पहिलं नाव घेतलं ते प्रसेनजीतचं. भाऊसोचा मुलगा. त्याच घरात, तशाच कुत्र्यांत वाढलेला. तो तपासणीला येईना. "मला काय झालंय आत्ती? दुखत न्हाय, खुपत न्हाय."

"तुझ्या बाबालाबी आधी दुखत नव्हतं," आक्काताई म्हणाल्या.

त्यावर तो कोल्हापूरला आला. यंत्रावर आकडा हललाच नाही. आक्काताईंच्या जिवात जीव आला, पण डॉक्टर श्रुती म्हणाल्या, "लहान गाठीचा अंश रक्तात येतोच असं नाही. सोनोग्राफी करूच." पडद्यावर लिंबाएवढी पिशवी दिसली.

त्याला ऑपरेशन लागलं नाही. जंत मारायच्या गोळ्या चालू आहेत आणि अधूनमधून सोनोग्राफी. दर वेळी आक्काताई खाणावळ बंद ठेवून त्याच्याबरोबर जातात आणि दाराबाहेर बाकावर पदर मुठीत धरून बसतात.

गेल्या खेपेला तो बाहेर आला तेव्हा त्यांनी बसूनच विचारलं, "मेलं का रं ते?"

"अजून न्हाय आत्ती. पण वाढलंबी न्हाय."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि त्याचा हात धरून जिना उतरायला लागल्या.