नातीचा बँड आणि माझी ज्वारी

आधी कबूल करा, हसणार नाही म्हणून. हं, लागलात हसायला! बरं, हसा. मी बोलतो सावकाश, त्यामुळे मधेमधे हसायला तुम्हाला भरपूर वेळ मिळेल. आणि खरं सांगू का, सगळा घोटाळा या सावकाश बोलण्यापायीच झाला.

माझी नात पल्लवी पुण्यात शिकते. शिकता शिकता तिनं आणि तिच्या मित्रांनी मिळून एक बँड काढलाय. नाव काय, तर 'मुरमाड'! मी म्हणालो, "अगं, मुरमाडात काही उगवत नाही."

"म्हणूनच ठेवलं, आबा. आमच्याबद्दल सगळे असंच म्हणतात."

त्यांचा पहिला अल्बम निघाला. पोरगी सुट्टीला गावी आली, ती तोंड पाडूनच. आमचं गाव येडशीच्या अलीकडे.

"ऐकलं का कुणी?" मी विचारलं.

"आमच्याच मित्रांनी. सगळ्यांनी लिहिलं, मस्त! आबा, न ऐकतासुद्धा मस्त लिहिता येतं."

पोरांचं ठरलं होतं म्हणे, अनोळखी माणसांपर्यंत गाणी गेली नाहीत तर बँड मोडायचा. मग तिनं एक पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. "तुम्ही ऐका आणि खरं काय ते सांगा," म्हणाली, आणि धाराशिवला मावशीकडे पंधरा दिवस राहायला गेली.

आता मी ऐकणार कशावर? आमच्याकडे पेनड्राइव्ह लागतो तो एकाच जागी, शेतातल्या भोंग्याला! ज्वारी दाण्यात आली की पाखरं हाकायला आम्ही बॅटरीवरचा भोंगा लावतो. त्यात आपलाच आवाज भरून ठेवायचा, "हाऽऽ हुर्रर्र!" तो दिवसभर ओरडतो, आपण लिंबाखाली बसायचं. म्हटलं, यातच लावू. मीही ऐकीन, शेजारच्या शेतातली माणसंही ऐकतील. पोरीचं काम होऊन जाईल.

मचाणावर चढून बटण दाबलं मात्र! ढोल काय, गिटार काय, आणि एक पोरगा असा केकाटला की मीच मचाणावरून खाली आलो. चिमण्या, पोपट, साळुंक्या, सगळी पलटण उठली ती थेट रामलिंगच्या डोंगराकडे. माझ्या बैलानं दावं तोडलं. अल्बमला मिळालेली ती पहिली प्रतिक्रिया.

शेजारचा दिगंबर बांधावरून पळत आला.

"आबा, हे पाखरं हाकायचं कुठून आणलं वो?"

"त्याचं असं आहे..."

"पुण्याचं हाय का?"

"व्हय, पण..."

"वाटलंच मला! नवीन शोध लागला असंल. द्या हिकडं, भरून घेतो."

'नातीची गाणी आहेत' हे माझ्या जिभेवर येईपर्यंत गडी मोटारसायकलवर बसून गेलासुद्धा!

आमच्याकडे एकाच्या शेतात काही लागू पडलं की सगळ्यांना ते हवं असतं. दिगंबरनं संध्याकाळी पेनड्राइव्ह परत आणून दिला, तोवर त्याचा मेव्हणा गाणी तेरला घेऊन गेला होता. एकजण विचारायला आला, "आबा, माज्याकडं कावळे लई हायेत, चालंल का?" मी प्रत्येकाला सांगायला तोंड उघडायचो, आणि प्रत्येकजण "उपकार झाले" म्हणून निघून जायचा. पण खोटं कशाला बोलू? मलाही बरं वाटत होतं. कशासाठी का होईना, माझ्या पोरीचं गाणं शिवारभर वाजत होतं.

पल्लवी परत आली. फाट्यावर बसमधून उतरली, चालायला लागली, तर डावीकडे तिचं गाणं, उजवीकडे तिचं गाणं! धावतच शेतात आली, डोळे भरलेले.

"आबा! सगळं शिवार आमचा अल्बम ऐकतंय!"

आता हिला काय सांगू? शब्द जुळवेपर्यंत ती बांधापलीकडे पोचली होती. तिथं मचाणावर दिगंबरची बायको सुभद्रा बसलेली.

"काकू, गाणी कशी वाटली हो?"

"लई भारी बाई! पाखरू टेकत न्हाय. पहिल्याला पोपट उडतेत, दुसऱ्याला तर काल कोल्हं पळालं."

पल्लवीनं हळूच मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी लिंबाकडं बघितलं.

"पाखरं हाकायला लावलीत?"

"मग कशाला? पर तिसरं तेवढं बदला म्हणावं. काय कामाचं न्हाय."

"का हो?" पोरीचा आवाज एवढासा झाला.

"अगं, त्यात कुणी पोरगी एकटीच म्हणती, संथ. माज्या थोरल्या बहिणीवानी आवाज हाय तिचा. ते लागलं की गोफण हातातच राहती बघ. मी बसती ऐकत, आन् तेवढ्यात पाखरं कणसावर! बंद करावं म्हणती, पर हातच होत न्हाय."

पल्लवी म्हणाली, "काकू, ती पोरगी मीच हाय."

"आगं बया! मग म्हण की आता! पाखरं खाईनात का वाईच!"

पोरगी रडत होती का हसत होती, काही कळेना. तिथूनच तिनं मित्रांना फोन लावला. "अरे, मोडायचं काही नाही! पहिली दोन गाणी पोपटांना सहन होत नाहीत, पण तिसऱ्याला एका बाईची गोफण थांबली. नाही रे, मस्त कुणीच म्हणालं नाही! पुढच्या अल्बमची तयारी करा."

मग माझ्याकडं आली. "आबा, तुमचं राहिलंच. तुम्हाला कसं वाटलं?"

मी विचार करत होतो. लई बोलायचं होतं, पण कुठून सुरू करावं ते सुचेना.

एवढ्यात दिगंबर पलीकडून ओरडला, "त्यांला काय इचारती? त्यांचं शेत बघ की!"

तिनं बघितलं. सगळ्या शिवारात कणसं टच्च भरलेली, आणि माझ्या शेतात दाणे टिपून गेलेली नुसती बुरकुंडं! त्यांच्यावर चिमण्या निवांत बसलेल्या. बसणार नाहीत तर काय? संपलं की गाणं मागं न्यायचं बटण दाबून मी रोज पुन्हा पुन्हा तिसरंच गाणं लावत होतो. साऱ्या शिवारातून हाकललेल्या पाखरांना बसायला एकच जागा उरली होती, आणि तिथला भोंगा माझ्या हातात होता!