अडीच वाजता दादा ऑनलाइन

या व्हिडिओगेमच्या कंपन्यांच्या डोक्यात काय भुसा भरलाय कोण जाणे. आमच्या खेळाचा पहिला भाग मी आन् दादानं टीव्हीला जोडायच्या ज्या कन्सोलवर खेळला, दुसरा भाग त्याच्यावर निघालाच न्हाई. दुसऱ्या कंपनीचा डबा घ्या म्हणे. बरं, घ्यावा तर भाव वर. पूर्वी वरीस-दोन वरीस दम धरला की कन्सोल स्वस्त व्हायचा. आता जुना झाला तसा महाग होऊन राह्यला. जालन्याचा दुकानदार दर खेपेला तेच सांगायचा, आज घ्या, पुढच्या महिन्यात परत वाढतो.

दादा एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये होता. पहिली पाळी करून दोनला सुटायचा, आंघोळ करून बराबर अडीचला खेळायला बसायचा. गेल्या वर्षी मिलमधून येताना टेम्पोनं त्याला उडवलं. दुसरा भाग आला तो त्याच्यानंतर. दादानं त्याची लय वाट बघितल्ती, म्हणून मी जिद्दीला पेटलो आन् आमचा कन्सोल बदल्यात देऊन, वर पैसे घालून नवा आणला.

जुना कन्सोल दादाच्याच नावानं, त्याच्याच खात्यावर चालायचा. देताना दुकानदारानं विचारलं, यातलं नाव पुसून टाकू का? गेलेल्या माणसाचं नाव आपल्या हातानं पुसायचं? आमच्याकडं ट्रॅक्टरला नवा रंग देतानाबी मडगार्डवरचं आजोबाचं नाव तेवढं सोडून देतात. राहू द्या म्हणलो.

तिसऱ्या दिवशी जेवून मोबाइल बघत बसल्तो. खेळाच्या ॲपात दादाच्या फोटोपुढं हिरवा ठिपका. ऑनलाइन. घड्याळात अडीच. ॲप बंद करून परत उघडलं, ठिपका तिथंच. दुसऱ्या दिवशी परत अडीचला. त्याच्या दुसऱ्या दिवशीबी. कन्सोल कुणीतरी विकत घेतला आसंल, हे डोक्याला कळत होतं. पण रोज अडीचच कसे?

मायला दाखवलं, ही माझी चूक. मी तिला चार चार वेळा समजावलं की दुसरंच कुणी खेळून राह्यलंय. हो हो म्हणाली. मंग रोज अडीचच्या आधी मोबाइल मागायला लागली. दादा गेल्यापासून तिला अन्न गोड लागत न्हवतं. आता ठिपका दिसला की ताटावर बसायची आन् पोटभर जेवायची. ते जेवण बघून मला भीती वाटायची. माय हातची जाती का काय, याच घोरात मी होतो.

शेवटी दुकानदाराच्या मागं लागून त्या गिऱ्हाइकाचा पत्ता काढला. जाफराबादकडचा माणूस, एमआयडीसीजवळ खोली करून राहणारा. दुसऱ्या एका मिलमध्ये पहिली पाळी. दोनला सुटतो, अडीचला बसतो. एवढंच. ते नाव कन्सोलच्या कंपनीनंच घालून दिलंय असं त्याला वाटल्तं. बिचारा हळहळला, चहा पाजला आन् माझ्यासमोर दादाचं नाव पुसलं. सुटलो बाबा, म्हणलं. आता माय भानावर येईल.

घरी आलो तर साडेतीन वाजल्ते. माय उंबऱ्यात बसल्ती, जेवली न्हवती. माझ्या हातातला मोबाइल घेऊन तिनं बघितला. ठिपका न्हाई.

"आज अजून आला न्हाई," ती म्हणाली. "वाटंत काई झालं तर नसंल? जा, बघून ये. मागल्या टायमाला तुम्ही मला लय उशिरा सांगितलं."