चोराच्या भीतीनं भरलेली सीडी

ती मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला उगाच भली समजायला नको.

पेणच्या शाळेत मी मराठी शिकवत होते आणि रोह्याहून रोज जा-ये करत होते. ती माझ्याच विषयाला नवी लागलेली, वडखळपलीकडच्या खाडीकाठच्या गावातली. वर्गात पोरांशी बिनदिक्कत 'नाय', 'व्हय' बोलायची. मी निवृत्त झाल्यावर माझे वर्ग तिच्याकडे जाणार होते. माझे शब्दही जातील, या विचारानं माझ्या पोटात दुखायचं.

शब्दांचं असं झालं. खाडीकाठची पोरं निबंधात घरचे शब्द लिहीत. आधी मी ते लाल शाईनं खोडायचे. मग लाज वाटून टिपून ठेवू लागले. मिठागरातले, होडीवरचे, खारबांधावरचे. बांधातून पाणी सोडायच्या दाराला उघाडी म्हणतात, हे मला सातवीतल्या एका मुलीनं शिकवलं. पोरं आपापल्या आज्यांना विचारून चिठ्ठ्या आणत, मी त्या शाळेच्या कंप्युटरवर उतरवून घेई, चिठ्ठ्या रद्दीत जात. पंधरा वर्षं हे चाललं. त्याचं पुस्तक करायचं होतं. मागे ठेवण्यासारखं दुसरं काही मी आयुष्यात केलेलं नाही.

निवृत्तीच्या महिन्यात ती माझ्या खुर्चीत बसलेली दिसली. कंप्युटरला पेनड्राइव्ह लावलेला, स्क्रीनवर माझी यादी. "बाई, घरी वाचायला घेतलं," म्हणाली. मी सगळ्या शिक्षकांसमोर तिला चोर म्हटलं. एकदा नाही, तीनदा. ती खाली मान घालून उभी राहिली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

शेवटच्या दिवशी मी कोरी सीडी घेऊन गेले. पेनड्राइव्हवर माझा विश्वास नव्हता. या सीडीवर एकदा लिहिलं की कुणाच्या बापाला पुसता येत नाही. स्क्रीनवरची माझी फोल्डरं ओढून तिच्यात टाकली. मिनिटभरात काम झालं. तिथंच उघडून पाहिली, सगळं दिसलं. मग कंप्युटरमधली मूळ यादी पुसली, पुसलेलं जिथं जाऊन पडतं तेही रिकामं केलं. बसा आता बोंबलत, असं मनात म्हणत रोह्याची गाडी पकडली.

सीडी कपाटात साड्यांखाली ठेवली. दिवाळीनंतर पुस्तकाला बसले, तर घरच्या कंप्युटरवर एकही पान उघडेना. रोह्यातल्या दुरुस्तीवाल्यानं ती लावली आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

"मॅडम, हिच्यात फाइली नायत. हा बारीक बाण दिसतोय ना? हे नुसते शॉर्टकट हायत. मूळ फाइली शाळेतल्या कंप्युटरवर होत्या, म्हणून तिथं उघडलं."

पुसलेलं परत काढता येईल का म्हणून शाळेत विचारलं, तर सुट्टीतच त्या कंप्युटरमधलं सगळं पुसून नवं भरलं होतं. बहिणीला सांगितलं तर म्हणाली, "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायला गेलीस." चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

आता यादी एकाच ठिकाणी असू शकत होती. त्या बाईच्या पेनड्राइव्हवर. ज्या चोरीवरून मी तिचा पाणउतारा केला, त्याच चोरीवर माझी पंधरा वर्षं अडकली होती, आणि त्याचाही राग मला तिचाच येत होता. आठवडाभर टाळून शेवटी फोन केला.

"बाई, तुम्ही चोर म्हणालात ना, त्याच दुपारी पुसलं मी," ती म्हणाली. "घरी पण नाय नेलं."

मग म्हणाली, "माझा भाऊ तुमच्या वर्गात होता. आमच्या आजीचे शब्द तोच चिठ्ठीवर लिहून आणायचा. तेवढेच बघायचे होते मला."

आजीला पुन्हा विचारता येईल का, असं मी निर्लज्जासारखं विचारलं.

"आजी नाय आता."

मी फोन ठेवला. माझं मलाच वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलंही, पण पुष्कळ नंतर. आधी संतापच आला, की या बाईनं खरोखरच चोरी का केली नाही!