पायरीवरची जपानी सुरी

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. आता तुम्ही म्हणाल, तू आणि न बोललेलं? बरोबर आहे तुमचं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. भाईंदर पश्चिमेला आमच्या सोसायटीत, लिफ्टमध्ये शिरताना मी सुरू केलेल्या गोष्टीचं वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत लग्न लागून तिला पोरंबाळं झालेली असतात. पण ही एक गोष्ट — ही मी दातांत धरून बसलोय. का? ते कळेल. घाई करू नका, मला तर मुळीच नाही.

आधी धंदा सांगतो. उत्तनच्या कोळीवाड्यात, माझा जुना दोस्त बस्त्याव, त्याच्या घराच्या ओट्यावर मी दर रविवारी सकाळी जपानी सुऱ्यांना धार लावायला शिकवतो. हसू नका. फिरायला निघालेली माणसं येतात, पाठीवर घरभर सामान घेऊन. बंगळुरूची, दिल्लीची, कधी गोरी. प्रत्येकासमोर दोन ओले दगड, एक सुरी आणि पाण्याचा टोप. आधी खरखरीत दगड, मग मऊ. सुरी तिरपी धरून फिरवायची. पलीकडची कड बोटाला तारेसारखी लागली की पलटायची. मग टोमॅटो असा कापायचा की त्याला स्वतःलाही कळता कामा नये. समोर बांबूंवर बोंबील वाळत असतात, वासानं डोळ्यांत पाणी येतं, आणि पाहुणे म्हणतात, व्वा, किती ऑथेंटिक!

ऑथेंटिक कसलं? मी त्यांना सांगतो की जपानच्या डोंगरात एका म्हाताऱ्या उस्तादानं मला बर्फात उभं करून धार शिकवली. खरं म्हणाल तर बस्त्याव आणि मी प्रवासी बोटीवर एकाच किचनमध्ये होतो. तिथे एक जपानी कुक होता. त्याला माझी कीव आली, त्यानं दगडावर सुरी कशी धरायची ते दाखवलं. जपान मी बोट बंदराला लागली तेव्हा एक दुपारभर पाहिलं, त्यातली निम्मी दुपार मी संडास शोधत होतो. थाप आहे ही. असू दे! तिच्यासाठी मी कुणापुढे मान खाली घालणार नाही. सुरीला धार येते ना? मग बर्फ माझ्याकडून भेट समजा.

ही ती गोष्ट नव्हे.

ती गोष्ट रेजीनवहिनीची आहे. रेजीन म्हणजे बस्त्यावची बायको. लग्न होऊन या घरात आली तीच हातात मासा घेऊन, असं बस्त्याव म्हणायचा. सुरुवातीला आमच्या वर्गाचा शेवटचा तास तिचा असायचा. मी धार लावायला शिकवायचो, ती मासा कापायला. सुरमई अशी उघडायची की काट्याला काही चिकटलेलं नसायचं. लोक माझ्या बर्फाला टाळ्या वाजवायचे, तिच्यासमोर मात्र गप्प बसायचे. मला ते खुपायचं का? — खुपायचं. सांगून टाकतो, म्हणजे मग मधेच आडवं येणार नाही.

वहिनीची एक सवय होती. सुरी बोथट वाटली की ती ओट्याच्या दगडी पायरीवर दोनदा खर्र खर्र घासायची आणि पुन्हा कामाला लागायची. तिची सासूही तसंच करायची. पायरीच्या कडेला खोबण पडलीय. मी दर वर्गाला ती खोबण दाखवायचो. "मंडळी, आमच्या वहिनीसारखं करू नका, जपानात तुरुंगात टाकतात!" ती पदर तोंडाला लावून हसायची आणि म्हणायची, "भाऊ, तुमच्या त्या जपानात मासं तरी खातात का नुसता बरफ?"

एका रविवारी वर्गाला खरोखरची जपानी बाई आली. हारुको तिचं नाव. किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरत होती, गावोगावच्या घरांत राहून मासे रांधायला शिकत होती. तिकडे कुठल्याशा खानावळीत स्वयंपाकी होती. तिला बघून तरी मी आवरायला हवं होतं, पण तोंड थांबतंय थोडंच? बर्फाची गोष्ट मी तिच्यादेखत, तिच्याच देशाबद्दल, नेहमीपेक्षा जास्त बर्फ घालून सांगितली. तिनं मान डोलावली. फार सभ्य बाई.

तिच्याकडे स्वतःची सुरी होती, कापडात गुंडाळलेली. कामाला लागली त्या दिवसापासून हीच, म्हणाली. दुसऱ्या कुणी कधी धार लावलेली नाही. आणि मी काय केलं? सगळ्यांसमोर हात पुढे केला — द्या, उस्तादाच्या पद्धतीनं लावून देतो. तिचा हात क्षणभर मागे गेला, ते मी पाहिलं. पण चारचौघांत नाही म्हणणं तिला जमलं नाही. दोन्ही हातांनी सुरी दिली मला.

ती सुरी कच्चे मासे पातळ कापायची होती. असल्या सुरीला धार एकाच बाजूनं असते. दुसरी बाजू सपाट, बोट फिरवलं तर किंचित खोलगट. ती दगडावर नुसती आडवी टेकवायची, तिरपी उचलायची नाही. मला हे माहीत नव्हतं का? होतं. बोटीवरच्या कुकनं सांगितलं होतं. पण आयुष्यभर हॉटेलच्या सुऱ्या घासलेला हात — उजवीकडे जितकं, डावीकडे तितकं, हेच तर मी लोकांना शिकवत होतो. हारुको आणि बाकीचे बस्त्यावबरोबर होड्या बघायला गेले होते, वहिनी मागच्या अंगणात मासे धूत होती. मी आत बसून एक बाजू छान घासली, सुरी पलटली, उचलली आणि खरखरीत दगडावर दाबली. जरा जोरातच. बारीक आवाज आला. धारेचा कपचा उडाला आणि खोलगट बाजूवर पांढरा ओरखडा, टोकापासून मुठीपर्यंत.

मी ती सुरी ओट्यावर ठेवली. पायरीजवळ. मुद्दाम? हो, मुद्दाम.

मंडळी परतली. हारुकोनं सुरी उचलली, उन्हात धरली, उलटी केली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं हळूच विचारलं, हे कुणी केलं?

मी फक्त पायरीकडे पाहिलं — खोबणीकडे पाहिलं — आणि बाकीचं लोकांनी आपापलं जुळवलं.

नाही. हे खोटं आहे. बघा, तुमच्यासमोरसुद्धा जीभ वळतेच. मी पूर्ण वाक्य बोललो. म्हणालो, "मी हात धुवायला गेलो तेवढ्यात आमच्या वहिनीनं पायरीवर घासली वाटतं."

वहिनी ओले हात घेऊन बाहेर आली. "मी न्हाय घासली," म्हणाली. "मी मागं व्हते. सुरी बघितली पन न्हाय." माझ्याकडे बघून म्हणाली, बस्त्यावकडे नाही.

बस्त्यावला माझ्या सगळ्या थापा ठाऊक. बर्फाची तर त्यानंच शेकोटीजवळ बसून माझ्यासोबत रचलेली. मग ही त्याला कशी खरी वाटली? मी सांगतो. कारण आयुष्यात पहिल्यांदा मी काही वाढवून बोललो नव्हतो. एक साधं वाक्य, त्यात वारा नाही, वादळ नाही. त्याला वाटलं, हा इतका कोरडा बोलतोय म्हणजे खरंच असणार. तो सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडला, "अगं, पाहुण्याची वस्तू हाय! तुला अक्कल हाय का न्हाय?" हारुकोनं सुरी कापडात गुंडाळली, वहिनीला वाकून नमस्कार केला — तो अजून मला समजलेला नाही — आणि रिक्षानं निघून गेली.

त्यानंतर बस्त्यावनं वहिनीला वर्गातल्या सुऱ्यांना हात लावू दिला नाही. मासा मी कापायला लागलो. वाईट कापतो, पण पाहुण्यांना काय कळतंय? ती चहा आणायला लागली. गावात बातमी गेली, बाजारात बाया तिला "जपानीण" म्हणायला लागल्या. लग्नघरी गल्लीतल्या सगळ्या जणी मासे साफ करायला बसायच्या, त्यांत तिचा पाट पहिला असायचा. आता तिथे हसत हसत तिच्यापुढे कांदे सारतात — राहू दे गं, तू सुरीची माती करशील! थट्टाच ती. पण ती थट्टा कधी संपली नाही.

आणि मी? मी त्या थट्टेची गोष्ट केली. ऐका, इथेच खरी लाज आहे, एका घाबरट वाक्यात नाही. पुढच्याच बॅचला मी ती सांगितली. मग दर रविवारी. वहिनी पायरीवर सुरी घासते, कावळे गाव सोडतात, भरती आलेला समुद्र मागे फिरतो, जपानी बाई बेशुद्ध, तिला शुद्धीवर आणायला सुकट हुंगवतात! लोक पोट धरून हसतात. पायरीसोबत सेल्फी काढतात. माझ्या सगळ्या गोष्टींत ही सगळ्यात चांगली आहे. हो, अजूनही म्हणतो. तुम्ही ऐकलीत तर तुम्हीही हसाल, आणि हसून झाल्यावर मला शिव्या घालाल. घाला.

परवाच्या बॅचमध्ये एका मुलीनं थेट वहिनीलाच विचारलं, आँटी, सचमें घिसा था? माझ्या हातातली सुरी दगडावर थांबली. मला वाटलं, आता. आता ही बोलणार. आणि सांगू? क्षणभर मला बरंही वाटलं.

वहिनीनं चहाचा ट्रे खाली ठेवला, पदर खोचला. "घिसा ना! ऐसा घिसा!" म्हणाली, आणि पायरीशी बसून रिकाम्या हातानं करून दाखवलं. खर्र, खर्र. अशा ठिणग्या उडाल्या म्हणाली, की शेजारणीचं लुगडं पेटलं. हे माझ्या गोष्टीत नव्हतं. तिचं स्वतःचं. लोक अक्षरशः लोळले. बस्त्याव सगळ्यांत जास्त हसला.

मी रिकामे पेले घेऊन आत गेलो. ती मोरीपाशी उभी होती. वळून बघितलं नाही.

"बरोबर सांगितलं ना, भाऊ?"

टोमणा होता? की तिला आता खरंच तसं वाटायला लागलंय? की ती दार उघडं ठेवून उभी होती, माझ्यासाठी? मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो आणि म्हणालो, "ठिणग्या जरा कमी पडल्या, वहिनी."

तिनं नळ बंद केला. थांबली. मी पुढे काहीतरी बोलेन म्हणून थांबली होती, हे मला कळलं, अगदी स्वच्छ कळलं. बाहेर लोक अजून हसत होते, मला हाका मारत होते. मी पेले तिच्याजवळ ठेवले आणि बाहेर जाऊन त्यांच्यात बसलो.