बाईंनी उपडा केलेला पेला

आज गावी, ढोकीला उतरले अन् उसाच्या रसाचा वास आला. दहावीच्या सहामाहीत मी इंग्रजीत नापास झाले, शाळाच सोडायची ठरवली, तेव्हा इंग्रजीच्या बाई समजवायला आमच्या रानात आल्या होत्या. रस पिऊन त्यांनी पेला सरळ ठेवला की माझे वडील, अण्णा, तो पुन्हा भरायचे.

"बाई, उपडा ठेवा. न्हायतर अण्णा थांबायचे न्हाईत," मी म्हणाले.

बाई हसल्या, पेला उपडा केला. "ड्रिंकला अप जोडलं की हेच! पेला उपडा करण्याइतकं पिणं. अप म्हणजे नुसतं वर नाही, पार शेवटपर्यंत."

"मंग गिव्ह अप?"

"पार सोडून देणं." त्यांनी माझा पेला माझ्याकडं सरकवला. "तुझा तर अजून अर्धा भरलाय."

तेव्हा वाटलं, बाई रसाचंच बोलतायत. उमगलं ते मार्चात पेपर लिहायला बसल्यावर.